डाव्या दाराचा मान

भटू पाटलांचा टूथब्रश त्या सकाळी मोरीत नव्हता. तो अंगणात होता, गाडीच्या मागच्या डाव्या दाराच्या कडेला जो खटका असतो त्यात मुंडी खुपसून. त्याचं दुसरं टोक धाकट्या ललितच्या हातात होतं.

“अरे, हा माझा ब्रश!”

“जुना झालाय भाऊ. केस सगळे झोपलेत. खटक्याला असाच लागतो.”

“आणि मी काय लावू दाताला? टिळ्याला निघायचंय मला!”

“बोटाने घास. आबांनी जन्मभर बोटानेच घासले, आणि गेले ते दातांसकट गेले.”

नूतन ओट्यावर औक्षणाचं ताट लावत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं आणि निरांजनात वात ठेवली. या घरात बोलण्यापेक्षा वात ठेवणं सोपं असतं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

आज धुळ्याला, देवपुरात जायचं होतं. लेक मयुरीच्या होणाऱ्या नवऱ्याला, हितेंद्रला, टिळा लावायला. मुलीकडच्यांनी मुलाच्या दारी जायचं, त्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, कपडे आणि नारळ द्यायचा, की लग्न पक्कं. तोवर दोन्हीकडचे गोड बोलतात. नंतर खरं बोलायला लागतात.

आणि चोपड्याहून देवपूरला जायचं म्हणजे पांढरीतूनच जायचं, यावर भटू ठाम होता. पांढरी ही आबांची, म्हणजे भटूच्या वडिलांची, गाडी. नूतन सून म्हणून या घरात आली त्याच वर्षी गाडीही आली. दोघींनाही ओवाळून घेतलं होतं. हार गाडीचा मोठा होता.

या गाडीचं मागचं डावं दार आतून उघडत नसे. बाहेरून उघडे, आतून नाही. कोणतीही बिघडलेली वस्तू पुरेशी वर्षं दुरुस्त केली नाही की तिची परंपरा होते, तसं या दाराचं झालं होतं. डाव्या बाजूला अक्का, म्हणजे भटूची आई सुनंदाबाई, बसणार. गाडी थांबली की चालवणाऱ्याने उतरायचं, गाडीच्या नाकासमोरून फेरा मारायचा, अक्कांचं दार उघडायचं आणि त्यांच्या डोक्याला लागू नये म्हणून वर हाताचा तळवा धरायचा. आबा होते तोवर हे आबांनी केलं. त्यांच्यामागे हा मान थोरल्याकडे आला. ललित पुढच्या डाव्या सीटवर, म्हणजे त्या दारापासून हातभर अंतरावर बसे. पण भटूचा फेरा पुरा होईपर्यंत त्याने मांडीवर हात ठेवून समोर पाहायचं. आबांच्या वर्षश्राद्धाला त्याने चुकून हात मागे नेऊन दार उघडलं होतं. त्यावरून दोघे भाऊ दिवाळीपर्यंत बोलत नव्हते.

नूतन उजवीकडे बसे. तिचं दार आतून उघडायचं. त्यामुळे तिच्यासाठी कोणी कधी फेरा मारला नव्हता. पिशव्या, डबे, लहानपणी झोपलेली मयुरी असं सगळं कडेवर घेऊन ती रहदारीच्या बाजूने उतरे, आणि तोवर मंडळी कोणाच्या तरी ओट्यावर पाणी पीत असत.

पण खरी गोष्ट पुढेच होती. देवपूरची मंडळी हे स्थळ नाकारायच्या बेतात होती. मुलाची आई, कमलबाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना पाटलांचं घर फार ‘गावठी’ वाटलं होतं. मग मुलाचं घर पाहायला पाटील मंडळी देवपूरला गेली तेव्हा कमलबाई गॅलरीत उभ्या होत्या, आणि त्यांनी भटूचा फेरा पाहिला. पन्नाशी उलटलेला, केळीच्या बागेत राबलेला माणूस आईसाठी धावत जाऊन गाडीचं दार उघडतो! त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. “ज्या घरना माणसं बाईना मान राखतस, त्या घरनी पोर मी डोया झाकीसन लेसू.” डोळे झाकून मुलगी घेईन म्हणाल्या.

तेव्हापासून भटूची चाल बदलली होती. घरातल्या घरात जातानाही तो कोणासाठी तरी दार उघडायला निघाल्यासारखा चाले. मात्र घरातली दारं उघडीच असत.

ललितने खटका साफ करायला घेतला होता तो वेगळ्याच कारणाने. परवा अमळनेरच्या रस्त्यावर एका खड्ड्यात पुढचं दार आपोआप उघडलं होतं, आणि ललित पट्ट्याला लोंबकळत एका ट्रॅक्टरवाल्याला नमस्कार करता करता राहिला होता. तो जळगावला विमा कंपनीत होता. त्यामुळे अपघाताचं गांभीर्य इतरांपेक्षा त्याला जास्त कळत होतं. त्याने व्हिडिओ पाहिले, मळ सुटायचा फवारा आणला, पांढऱ्या ग्रीसची नळी आणली.

“भाऊ, हे बघ. हा आतला पंजा. दार लावलं की हा समोरच्या खुंटीला धरतो. तो मोकळा फिरला पाहिजे. तुझा पंजा गुळाच्या भेलीत बसलाय.”

“तूप आहे ते. दसऱ्याचं.”

“तूप, हळद, कुंकू, वर तुझ्या हातचा केळीचा चीक, त्याच्यावर रस्त्याची धूळ. थरावर थर. तेल-तूप घालायचंच नाही इथे, धूळ धरून बसतं. आधी फवारा, मग ब्रश, मग कोरडं फडकं, आणि शेवटी ग्रीस, तेही बोटाच्या टोकाएवढं.”

“दसऱ्याला तूप नाही लावायचं? अक्कांना तूच सांग.”

पुढची दोन्ही दारं आणि नूतनच्या बाजूचं दार सकाळीच झालं होतं. पुढचं दार साफ करताना ललितने स्क्रूड्रायव्हरने पंजा मिटवून पाहिला होता, आणि तो पुन्हा सोडवायच्या आत भटूने “उघडं काय टाकलंय” म्हणून दार आपटलं होतं. मिटलेल्या पंजावर खुंटी आदळून असा आवाज झाला की शेजारची भागाबाई गॅस बंद करून बाहेर आली. आता डाव्या दाराची पाळी होती. ललितने फवारा मारला, खरवडलं, पुन्हा मारला. काळपट लाल लगदा फडक्यावर येत राहिला. वीस-पंचवीस दसरे एका फडक्यावर उतरले.

आणि मग ललितचा हात थांबला.

“भाऊ.”

“काय?”

“इथलं बटण खाली आहे. वहिनीच्या दाराचं वर होतं.”

खटक्याच्या खाली नखाएवढी एक कळ होती, खाली दाबलेली. शेजारी पत्र्यावर लहान मुलाचं चित्र कोरलेलं. गोल डोकं, दोन हात. चेहऱ्याला अजून कुंकू होतं.

ललितने कळ वर सरकवली. आत जाऊन बसला. दार लावून घेतलं. आतली कडी ओढली.

दार उघडलं.

भटू बोटाने दात घासत होता, ते बोट तोंडातच राहिलं. ललित सीटवर बसून आपल्याच हाताकडे बघत होता. त्याने पुन्हा दार लावलं, पुन्हा कडी ओढली. दार पुन्हा उघडलं, लोण्यासारखं, जरासुद्धा न कुरकुरता.

“दार बिघडलेलं नव्हतंच,” ललित म्हणाला. “हे लहान मुलांचं कुलूप आहे. चालत्या गाडीत पोरांनी दार उघडू नये म्हणून. कोणीतरी लावलं होतं.”

भटूने तोंडातून बोट काढलं. “कोणी?”

आणि मग या घरात प्रश्न आला की तो जिथे जातो तिथेच गेला. भटू ओट्याकडे वळला.

“नूतन, तूच लावलं असणार. मयुरी लहान असताना. लावलं आणि विसरली!”

“मी त्या बाजूला कधी बसले?” नूतन म्हणाली.

एवढंच. पण ललितने मान वर करून वहिनीकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

मयुरी आवरून बाहेर आली होती. मोरपंखी साडी, केसांत गजरा. तिने काकाच्या हातून फडकं घेतलं, ते चित्र नीट पुसलं आणि हसायला लागली. मग हसता हसता थांबली.

“म्हणजे पप्पा, तुम्ही इतकी वर्षं… आणि हितेंद्रच्या आईंना वाटतं की…”

“त्यांना काय वाटतं ते वाटू दे!” भटूने आवाज खाली आणला. “ललित, ती कळ आधी होती तशी कर. आज तिथे अक्का आतून दार उघडून उतरली तर बठ्ठा खेळ खलास.”

“भाऊ, पण खोटं कशाला? तू तर तसाही दार उघडतोस.”

“उघडावं लागायचं म्हणून उघडत होतो!” भटू बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

“मी हितेंद्रला सांगणार,” मयुरी म्हणाली.

“सांग ना. लग्न झाल्यावर सांग.”

“लग्न झाल्यावर सांगून काय उपयोग? त्यांनी मला डोळे झाकून घेतलंय. उद्या डोळे उघडले तर आयुष्यभर ऐकून घ्यायचं मी! आई, तू बोल ना काहीतरी.”

नूतन बोलणार होती. पण तेवढ्यात घरातून अक्का आल्या. नऊवारी चापून चोपून, हातात काचेच्या बांगड्या, बांगडीत सेफ्टी पिना. त्यांनी अंगणातला देखावा पाहिला. उघडं दार, लाल फडकं, थोरल्याच्या हनुवटीवरचा फेस. कोणाला काही विचारलं नाही. सरळ गाडीपाशी गेल्या, बांगडीतली एक पिन काढली आणि दाराच्या कडेला न पाहता, भाकरी उलटावी तितक्या सवयीने, कळ खाली दाबली.

टिक.

पिन परत बांगडीत अडकवली.



“अक्का,” ललित म्हणाला, “तुला माहीत होतं?”

“माले नही तं कोनाले माहीत राही?” अक्का म्हणाल्या. “गाडी लेवाले गयथूत, तवय त्या शोरूमवाल्या पोऱ्याने दाखवलं. पोरं लहान असली तर लावा म्हणे. म्हटलं, पोरं मोठी झाली. नवराच अजून लहान शे.”

“पण कशासाठी?” भटूने विचारलं.

“तुमचा बाप लग्नात पुढे चालला, तो पुढेच. बाजारात गेलो की हा गाडीतून उतरून बियाण्याच्या दुकानात. मी मागे पिशव्या सांभाळत. एक दिवस लावली कळ. बसून राहिले. म्हटलं, दार बिघडलं. मग यायला लागला माणूस मागे. आधी चिडून आला. मग सवयीने आला. मरायच्या आधी तर हात पण द्यायला लागला होता.” अक्कांनी लाल फडक्याकडे बोट केलं. “ते तूप मीच लावायची दसऱ्याला. बोट भरून. चित्र दिसायला नको म्हणून.”

“आम्ही त्या दाराला पाया पडायचो, अक्का!”

“मग? काय वाईट झालं तुमचं?”

भटू खाली बसला. इतकी वर्षं आपण बापाचा वारसा चालवतोय असं त्याला वाटत होतं. निघाली ती आईची शिक्षा, आणि तीही दुसऱ्याला झालेली.

नूतनला मात्र दुसराच धक्का बसला होता, आणि तो हळूहळू पायापर्यंत उतरत होता. सासूबाईंना सगळं कळत होतं. गाडीत मागे बसलेल्या बाईला काय वाटतं हे त्यांना इतकं नेमकं कळत होतं की त्यावर त्यांनी इलाजही शोधला होता. फक्त आपल्या बाजूच्या दाराला.

“अक्का,” ती म्हणाली, “मला नाही कधी सांगितलं तुम्ही.”

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, आणि हे सगळ्यांना नवीन होतं.

“दोन्ही दारं बिघडली असती,” त्या म्हणाल्या, “तर यांनी गाडीच बदलली असती.”

मग कोणी तरी म्हणालं उशीर होतोय. भटू तोंड धुवायला गेला, ललित हत्यारं गोळा करायला, मयुरी आजीशी भांडायला. नूतन ताट सीटवर ठेवायला म्हणून गाडीच्या उजव्या बाजूला गेली. तिचंही दार सकाळी स्वच्छ झालेलं होतं. खटका नव्यासारखा चमकत होता आणि खाली तसंच ते पोर, तशीच कळ. वर होती. तिने डोक्यातली पिन काढली.

का, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. पण तिने कळ दाबली.

देवपुरात पोचले तेव्हा कमलबाईंच्या फाटकात मंडप घातला होता आणि मंडपात जमलेली माणसं रस्त्याकडे तोंड करून उभी होती. कमलबाईंनी त्यांना कशासाठी उभं केलंय हे उघड होतं. गाडी थांबली. ललितने मांडीवर हात ठेवले. भटू उतरला. आज तो फेरा त्याला गावप्रदक्षिणेएवढा झाला. त्याने दार उघडलं, वर तळवा धरला, अक्का उतरल्या.

“देख! मी काय सांगेल व्हतं?” कमलबाई जावेला म्हणाल्या. मंडपातल्या दोन-चार बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. नवऱ्यांनी मंडपाच्या झालरीकडे.

अक्कांच्या मागे मयुरी सरकत उतरली. बायकांनी तिला लगेच वेढून नेलं. भटूने सवयीने दार लावून टाकलं, आणि वरात फाटकातून आत गेली.

नूतनने उजवीकडची कडी ओढली. दार उघडलं नाही.

हे तिला माहीत होतं. तरी न उघडलेल्या दाराने ती दचकली. मार्चचं ऊन होतं. काच अर्धी खाली होती. हात बाहेर घालून दार उघडता आलं असतं. पुढच्या सीटवरून उतरता आलं असतं. तिने मांडीवरचं ताट सरळ केलं आणि बसून राहिली. एकदा बघू तरी, असं तिला वाटलं. मुलीची आई आली नाही हे कोणाच्या कधी लक्षात येतं ते.

आतून सनईची कॅसेट वाजली. पाण्याचे पेले खणखणले. बरंच काही झालं. शेवटी फाटक वाजलं आणि भटू लगबगीने बाहेर आला. नूतनचा हात आपोआप पदराकडे गेला.

भटूने पुढचं डावं दार उघडलं आणि आत वाकून दोन्ही हात पुढे केले.

“दे ते ताट. सगळे खोळंबलेत.”

तिने ताट दिलं.

“अहो, ते दार…”

“लावतो, लावतो,” भटू म्हणाला. पुढचं दार त्याने कोपराने लावलं. अगदी अलगद लागलं. ललितचं काम चोख होतं. “तू ये मागून.”

आणि तो गेला.

नूतनला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. इतक्या स्वच्छ अपमानाला डोळ्यांत पाणी सापडेना. ती रिकाम्या मांडीकडे पाहत राहिली.

यावेळी बाहेर आल्या त्या कमलबाई. त्यांनी डोळ्यांवर हात धरून रस्ता पाहिला, मग गाडीत पाहिलं, आणि येऊन उजवं दार उघडलं.

“इहीनबाई! आठे काय करी ऱ्हायनात? औक्षण कोन करी?”

“दार आतून उघडत नाही,” नूतन म्हणाली.

“हे एकच, का तिकडलंबी?”

“आता दोन्ही.”

आणि तिने सांगितलं. कळ, ते पोर, तूप, आबा, सकाळचा फेस, भटूचं ‘उघडावं लागायचं म्हणून’. स्वयंपाकाची कृती सांगावी तसं सांगितलं. सांगताना तिला एवढंच दिसत होतं की आपण लेकीचं लग्न मोडतोय, आणि तरी थांबता येत नव्हतं. साऱ्या शाळेला गप्प करणारी बाई गप्प झाली होती.

“मी बठ्ठा देवपूरले सांगी बठनू,” त्या शेवटी म्हणाल्या. “मास्तरणींच्या ग्रुपवरसुद्धा टाकलं.” मग म्हणाल्या, “सरका जरा. पाय गळले माझे.”

नूतन सरकली, अक्कांच्या जागेवर गेली. कमलबाई तिच्या जागेवर बसल्या आणि ऊन लागतं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

टक.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“लागलं?”

“लागलं.”

कमलबाईंनी काचेकडे हात नेला. मग तो हात परत मांडीवर ठेवला. “राहू द्या. माझ्या घरातून कोण येतं ते मलाही बघायचंय.”

आले ते दोघे. भटू आणि त्याच्यासोबत हितेंद्रचे वडील, प्रेमराज. दोघांनी रस्त्याच्या या टोकापर्यंत पाहिलं, त्या टोकापर्यंत पाहिलं, मग दमून गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले. पाठ आतल्या बायकांकडे.

“मागून येते म्हणाली होती,” भटू म्हणाला.

“मी काही म्हणाले नव्हते,” नूतन आत पुटपुटली.

“आमचीबी गायब,” प्रेमराज म्हणाले. “बायकांचं असंच. टिळ्याची वेळ टळतेय आणि या गेल्या असतील कोणाच्या कुंड्या बघायला. अहो भटूभाऊ, खरं सांगू का, तुमचं ते दार उघडणं पाहिल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. ही रोज मला ऐकवते. यांना ना, कुलूप लावून ठेवायला पाहिजे.”

“लागेल शे,” मागून आवाज आला. “कुलूप कधीचंच लागलंय.”

प्रेमराज जवळजवळ नाल्यात गेले. भटू वळला. काचेआड दोन बायका, शेजारी शेजारी, ताठ बसलेल्या.

त्याच्या डोक्यात काही शिरायच्या आत पाय निघाले. ते नेहमीसारखेच डावीकडे गेले. त्याने मागचं डावं दार उघडलं, मान खाली घातली, वर तळवा धरला. मग नऊवारीऐवजी गोल साडीचा काठ दिसला म्हणून त्याने मान वर केली.

“तू?”

“मी.”

“तू अक्काच्या जागेवर?”

तो तिच्याकडे, मग उजव्या दाराकडे, मग पुढच्या सीटकडे पाहत राहिला, जिथून त्याने थोड्या वेळापूर्वी ताट नेलं होतं. आणि त्याचा चेहरा असा उतरला, की पंचवीस वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर तिने पाहिलेली ही पहिलीच स्वतःहून झालेली गोष्ट होती.

“तू तेव्हापासून इथेच होतीस?”

“हो.”

“मी ताट घेऊन गेलो.”

“हो.”

त्याने तळवा खाली आणला नाही. नूतन उतरली तेव्हा तिचं डोकं छपराला लागलं नाही.

फाटकात आता सगळा मंडप जमला होता. पुढे हितेंद्र, फेटा बांधलेला, आणि मागोमाग मयुरी, अक्का, ललित. प्रेमराज उजव्या दारापाशी उभे होते. दार आपण उघडायचं असतं की बाईने उघडायचं असतं, याचा त्यांना नीट अंदाज येत नव्हता. हितेंद्रने काचेतून आईला पाहिलं आणि तो खो खो हसला.

“आई! अडकलीस? थांब, थांब, हलू नको!” आणि त्याने खिशातून फोन काढून फोटो घ्यायला समोर धरला.

कमलबाईंचा चेहरा दगड झाला. त्यांनी काच खाली केली. पण मुलाशी बोलल्या नाहीत, गाडीच्या छपरावरून नूतनशी बोलल्या.

“इहीनबाई, पोर देवाना पहिले इचार करा.”

“कमल!” प्रेमराज किंचाळले. मंडपातली एक बाई “अगं बया” म्हणून खाली बसली. मुलाची आई टिळ्याच्या दिवशी स्वतःच्या दारात मुलीकडच्यांना सांगते, की मुलगी द्यायच्या आधी विचार करा! असलं देवपुरात कोणी ऐकलं नव्हतं.

भटूने नूतनकडे पाहिलं. ललितने भटूकडे. सगळे कोणाकडे तरी पाहत होते. हितेंद्रचा फोन हवेतच राहिला होता.

पुढे आली ती मयुरी.

“फोन ठेव,” ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला.

“दार उघड.”

त्याने धावत दार उघडलं. कमलबाईंनी एक पाय बाहेर काढला.

“थांबा आई,” मयुरी म्हणाली. कमलबाईंनी पाय आत घेतला. मयुरीने दार लावलं. खटका लागला, टक. “आता न सांगता.”

“म्हणजे?” हितेंद्र म्हणाला.

मयुरी गप्प उभी राहिली. तिचा गजरा उन्हाने मलूल झाला होता आणि ओठ पांढरे पडले होते. ती ‘उघड’ म्हणणार नव्हती. नूतनला ते दिसलं, आणि लेकीचं सगळं लग्न या घडीला त्या एका दारावर टांगलंय हेही दिसलं. तिला वाटलं पुढे व्हावं, पोराच्या कानात सांगावं. ती जागची हलली नाही. शेजारी भटूने तोंड उघडलं, तर तिने त्याच्या पायावर पाय दिला.

हितेंद्रने मयुरीकडे पाहिलं. मग वडिलांकडे. प्रेमराज झालरीकडे बघत होते. मग त्याने काचेतून आईकडे पाहिलं. तिथे मुख्याध्यापिका नव्हत्या. घामेजलेली, केस विस्कटलेली एक बाई होती आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

त्याने डोक्यावरचा फेटा काढला आणि बापाच्या हातात दिला.

“उघ…” त्याने विचारायला सुरुवात केली आणि शब्द गिळला.

“घाई करू नको रे भो,” आतून कमलबाई म्हणाल्या. “नीट इचार करीसन उघड.”

त्याने दार उघडलं. आणि उघडून तिथेच उभा राहिला, वर तळवा धरायचा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणून दोन्ही हात पुढे करून, पहिल्यांदाच कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

“आता लावा टिळा,” कमलबाई उतरता उतरता म्हणाल्या. “नाहीतर पुन्हा विसरेल.”

ताट घरात राहिलं होतं. कोणीतरी म्हणालं आणतो. अक्का म्हणाल्या, कशाला? त्यांनी पांढरीच्या दाराच्या फटीत करंगळी घातली. ललितने कितीही घासलं तरी एका कोपऱ्यात कुंकू उरलंच होतं. तेवढं करंगळीवर घेतलं आणि ती करंगळी त्यांनी सुनेपुढे धरली.

“लाव,” त्या म्हणाल्या. “तुझ्या हाताने.”